शिंगाची बुश

संपादकांचं पत्र आलं. "मिस्त्री, तुम्ही जन्मभर बंदुकांत राहिलात, दिवाळी अंकासाठी शिकारीच्या दोन-चार थरारक गोष्टी लिहा." तर आधीच सांगून टाकतो. मी आयुष्यात ससासुद्धा मारलेला नाही. ज्यांनी मारले त्यांच्या बंदुका मी दुरुस्त केल्या आणि त्यांच्या गोष्टी ऐकल्या. त्यातलं खरं किती आणि मीठमसाला किती, हे मला नळीत डोकावलं की कळायचं. म्हणून शिकारीच्या गोष्टी माझ्याकडे मागू नका. मी बोटभर लांबीच्या एका नळकांड्याबद्दल लिहिणार आहे. छापायचं तर छापा, नाहीतर कागद परत पाठवा. एका बाजूनं कोरे आहेत, माझ्या उपयोगी पडतील.

माझं दुकान चिखलीच्या धान्यबाजाराच्या रस्त्यावर. माझ्या आधी वडील तिथं बसायचे, त्यांच्या आधी आजोबा. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता आणि बंदूक दुरुस्तीचं लायसन दर वर्षी नवं करून घ्यावं लागायचं. त्या कागदावर भागातल्या एखाद्या वजनदार माणसानं 'मिस्त्री भला माणूस आहे' असं लिहून सही करायची. म्हणजे कारागिराचं भलेपण त्याच्या कामावरून ठरायचं नाही, दुसऱ्याच्या सहीवरून ठरायचं. हे मला तेव्हाही पटत नव्हतं आणि आजही पटत नाही.

आता धंद्याचं थोडं सांगतो, कारण ते कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. साध्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असते. रायफलीच्या नळीत मात्र पीळ घातलेले असतात, बारीक खाचा आणि त्यांच्यामधले उंचवटे. त्या पिळामुळे गोळी स्वतःभोवती फिरत बाहेर पडते आणि सरळ जाते. नळीचं तोंड, जिथून गोळी शेवटची सुटते, तिथला शेवटचा इंचभर पीळ सगळ्यात महत्त्वाचा. तो एका बाजूनं झिजला, तर सुटता सुटता गोळीला धक्का बसतो आणि ती भलतीकडे जाते. मग मालक म्हणतो, माशी वाकडी झाली. माशी म्हणजे नळीच्या टोकावरचा नेम धरायचा तो छोटा उंचवटा. बिचारी माशी तिथंच असते.

रायफल झिजते ती गोळ्या झाडून कमी आणि साफ करून जास्त. हे ऐकून लोक हसायचे. पण आत चिंधी घालायची तर लोखंडी गज घालावा लागतो. तो गज डुगडुगत आत-बाहेर झाला की पिळाला घासतो. तेलकट गजाला अंगणातली धूळ चिकटली की तो गज राहत नाही, कानस होतो. यावर उपाय म्हणजे एक छोटं नळकांडं. गज त्याच्यातून घालायचा, म्हणजे तो बरोबर मधोमध चालतो आणि कडेला शिवत नाही. इंग्रज त्याला बोअर गाइड म्हणायचे. आमच्या दुकानात त्याला बुश म्हणत.

बुश कशी निवडायची? गिऱ्हाईक पहिल्यांदा चकाकी बघतं. मी सांगायचो, ती तुमच्या नळीत बसते का ते बघा आणि तुमचा गज तिच्यात किती हलतो ते बघा. बाहेरून घट्ट आणि आतून गज अलगद सरकेल एवढीच मोकळी. आत दाणाभर जास्त जागा राहिली की बुश असून नसल्यासारखी. लोखंडाची घेऊ नका, ती स्वतःच घासेल. लाकडाची पावसाळ्यात फुगते. पितळेची चालते. माझी आवडती मात्र म्हशीच्या शिंगाची, काळीकुट्ट आणि दिसायला काहीच नाही, पण नळीशी इतकी नरम वागते की बस. आणि बोल्ट, म्हणजे काडतूस आत कोंडणारा मागचा दांडा, निघत असेल तर बुश मागून घालायची, म्हणजे काडतूस जिथून घालतात तिथून. नळीच्या तोंडाला गज लावायचाच नाही.

हे शेवटचं आमच्या भागात कुणाला पटायचं नाही. त्याचं कारण त्यांच्या हातात होतं. सगळ्यांचे बापजादे ठासणीच्या बंदुकीवर वाढलेले. ठासणीच्या बंदुकीत दारू तोंडातून, छर्रे तोंडातून, गज तोंडातून. मागून तिला वाटच नाही. नव्या रायफली आल्या, मागून उघडायला लागल्या, तरी हात आपोआप तोंडाकडे जायचा. एक निवृत्त जंगलरखवालदार माझ्याकडे रायफल घेऊन आला, तिच्या नळीत बांबूची काडी अडकलेली. मी विचारलं, मागून का नाही घातली? तो म्हणाला, "मिस्त्री, मांगून घालाले मले काही बरं नाही वाटत." त्याला मी परत पाठवला. दुसऱ्या दिवशी आला, माफी मागितली, मग काडी काढून दिली. माझा स्वभाव असाच. लोक म्हणायचे, इब्राहीम मिस्त्रीचं काम चांगलं, तोंड खराब.

खंडेनवमी झाली की माझा आठवडा भरून जायचा. लोक श्रद्धेनं शस्त्र पुजायचे, त्याला माझी ना नाही. पण पूजा म्हणजे बंदुकीला आंघोळ, वर हळदकुंकू, आणि एका पठ्ठ्यानं तर नळीवरच नारळ फोडलेला. चापाच्या खोबणीतून मी कुंकू खरवडून काढायचो. त्या नारळवाल्याला विचारलं, देवाला नारळ फोडताना देवाच्या डोक्यावर फोडतोस का?  पुढच्या वर्षी बंदूक कोरडी आणि हळद फक्त लाकडी कुंद्याला लावलेली होती.

तर आता माझ्या आयुष्यातल्या एका चुकीबद्दल लिहितो. ती चूक मी मुद्दाम केली होती.

उंद्रीकडचे एक मोठे खातेदार होते. नाव लिहीत नाही, त्यांची नातवंडं भली माणसं आहेत. सगळे त्यांना रावसाहेब म्हणत. साहेबलोकांत ऊठबस, ऑनररी मॅजिस्ट्रेट, आणि माझ्या लायसनच्या कागदावर सही करायची ती त्यांनीच. एका हिवाळ्यात त्यांनी विलायती रायफल घेतली आणि बुश घ्यायला माझ्या दुकानात आले. सोबत किसन होता. किसन त्यांच्याकडे वर्षानुवर्षं बंदुका सांभाळायचा. माझ्याच वयाचा, कमी बोलणारा आणि हाताचा फार साफ. त्याचं खोपटंही रावसाहेबांच्याच वावरात होतं.

मी रायफल पाहिली आणि टेबलावर तिच्या मापाची शिंगाची बुश ठेवली. किसननं ती उचलली, बोल्ट काढला, बुश मागून बसवून पाहिली आणि त्यातून गज सरकवला. गज पाण्यासारखा गेला. त्याचा चेहरा खुलला. "मिस्त्री, मांगूनच टाकाची हाय ना हे?"

रावसाहेब म्हणाले, "तुले कोनं इचारलं बे?"

किसननं बुश खाली ठेवली.

रावसाहेबांची नजर फळीवर गेली होती. तिथं चांदीचा मुलामा दिलेली एक बुश पडून होती. एका शिकारी साहेबानं आपल्या जाड नळीच्या रायफलीसाठी, तोंडाकडून घालायला म्हणून ती बनवून घेतली होती. साहेबाची बदली झाली आणि बुश राहिली. नक्षीही होती तिच्यावर, मीच कोरलेली. कारागीर म्हणून मला तिचा अभिमान होता, हे कबूल करतो.

"हे दे," रावसाहेब म्हणाले.

"रावसाहेब, हे दुसऱ्या रायफलीची हाय. तुमच्या गजाले ढिली होते."

"ढिली म्हंजे किती?"

"दाणाभर."

"दाण्यानं काय होते? इब्राहीम, ओसरीवर पाव्हणे बसतात, त्यायच्यासमोर मी थे म्हशीचं शिंग काढू काय?"

मी तोंड उघडलं होतं. तेवढ्यात त्यांनी खिशातून माझा लायसनचा कागद काढला. महिन्यापासून त्यांच्याकडे पडून होता. माझ्याच टेबलावर, माझ्याच टाकानं त्यांनी सही केली आणि कागद माझ्यापुढे सरकवला.  मी कागद घडी करून ठेवला आणि चांदीची बुश फडक्यात गुंडाळून त्यांना दिली.

जंगलरखवालदाराला माफी मागायला लावणारा मी, खंडेनवमीवाल्याला सुनावणारा मी, त्या दिवशी गप्प बसलो. ते जाताना मी शिंगाची बुश किसनच्या हातात दिली आणि म्हटलं, ठेव तुझ्याजवळ. रावसाहेब हसले. "ठेव ठेव. चिलमीले कामी येईन तुह्या."

पुढे दोन हिवाळे रावसाहेब दर बाजाराच्या दिवशी ओसरीवर रायफल उभी धरून स्वतः साफ करायचे. बाजाराहून परतणारे लोक बघायचे, पाहुणे वाखाणायचे. चांदीची बुश तोंडाला, लोखंडी गज त्यातून, आणि मोजून पन्नास हात. किसननं फक्त गरम पाणी आणून द्यायचं आणि उरलेलं तेल पुसायचं. हे मला बाजारकरी सांगायचे. मी ऐकायचो आणि दुसरं काम हातात घ्यायचो.

तिसऱ्या हिवाळ्यात चिखलीबाहेरच्या माळावर दौऱ्यावरच्या साहेबांचे तंबू पडले. साहेब नागपूरकडचे, मराठी समजायचे, बोलायचे हिंदीत. त्यांच्या रायफलीची एक स्प्रिंग गेली होती म्हणून मला बोलावलं होतं. त्याच दिवशी निशाणबाजी ठेवलेली. भागातले बंदूकवाले सगळे जमले. रावसाहेब सकाळपासून रायफल सगळ्यांना दाखवत होते. साहेबांना म्हणाले, आणि हे मी माझ्या कानांनी ऐकलं, "या रायफलीच्या नळीले आजवर माह्याशिवाय कोनाचा गज लागला नाही."

रावसाहेबांनी पाच गोळ्या झाडल्या. पाचही निशाणाबाहेर, त्यातल्या दोन तर फळीच्याही बाहेर.  मागं कुणीतरी फिसकन हसलं. रावसाहेब वळले आणि किसनच्या थोबाडीत मारली. इतक्या लोकांसमोर.

"हरामखोरा, माशी ठोकली तू! रजा नाही देल्ली म्हून सूड घेतला!"

दोन माणसांनी किसनला धरलं. रावसाहेब साहेबांना म्हणाले, हा गुन्हा आहे, याला पोलिसात द्या, मिस्त्री इथंच आहे, तो तपासून लिहून देईल. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "मिस्त्री, देखो. जो है सो बताओ."

टेबल आणलं. मी भिंग काढलं आणि रायफल हातात घेतली. आधी माशी पाहिली. कारखान्यात माशी बसवताना तिच्यावर आणि नळीवर मिळून एक बारीक रेघ मारतात. माशी केसभर सरकली तरी रेघ तुटते. रेघ अखंड होती. मग मी नळीच्या तोंडात पाहिलं. जे दिसणार हे मला दोन वर्षं ठाऊक होतं, तेच दिसलं.

रावसाहेब माझ्याजवळ आले आणि बघण्याच्या निमित्तानं वाकले. हळूच म्हणाले, "इब्राहीम, लिहून दे माशी सरकली म्हून. तुह्या लायसनचा कागद यंदाही माह्याकडंच येऊन राह्यला."

मी वर पाहिलं. किसन माझ्याकडे बघत होता. त्याच्या गालावर बोटं उठली होती. मागितलं त्यानं काहीच नाही. त्यानं मागितलं असतं तर कदाचित मला सोपं गेलं असतं.

मी साहेबांची रायफल मागून घेतली. दोन्हींची नळी एकाच मापाची. एका काडतुसातली गोळी पक्कडीनं उपसली आणि साहेबांच्या रायफलीच्या तोंडात टोकाकडून बसवली. गोळी जिथं अडकली तिथं तिच्यावर खिळ्यानं खूण केली. मग तीच गोळी रावसाहेबांच्या रायफलीत बसवली. खूण आत गेली आणि गोळी एका बाजूला कलली. मी बोटानं हलवली, ती हलली. पोरासोरांनाही दिसेल असं होतं ते.

"साहेब," मी म्हटलं, "माशी जागची हलली नाही. नळीचं तोंड एका अंगानं झिजलं. दोन वर्सं गज घासून राह्यला तिथं."

साहेबांनी विचारलं, "साफ कौन करता है?"

 उत्तर सकाळीच सगळ्यांनी ऐकलं होतं, खुद्द रावसाहेबांच्या तोंडून. साहेबही ऐकणाऱ्यांत होते. त्यांनी रावसाहेबांकडे पाहिलं आणि मग दुसरीकडे पाहिलं.

मी तिथं थांबलो असतो तरी किसन सुटला असता. पण मला राग आला होता, आणि तो सगळा रावसाहेबांवरच होता असं नाही. मी म्हटलं, "साहेब, अजून एक लिहून घ्या. रावसाहेबायच्या पेटीत चांदीची बुश हाय, थे माह्या दुकानातली. ढिली हाय हे मले मालूम होतं, तरी मी देल्ली. सही पाह्यजे होती म्हून देल्ली. या मानसानं त्याच दिवशी बरोबर बुश उचलली होती, अन् त्याले गप्प केलं. दोष लावाचा तं आम्हा दोघायले लावा. याले सोडा."

साहेबांनी खूण केली आणि त्या दोघांनी किसनला सोडलं. मग मी तेच कागदावर लिहिलं आणि खाली सही केली. माझी सही, त्याला कुणाच्या शिफारशीची गरज नव्हती.

घरी येऊन बायकोला सांगितलं. तिनं एवढंच विचारलं, "लायसन जाएगा?" मी म्हटलं, "जाएगा." ती म्हणाली, "तो हाथ धो लो, खाना लगाती हूं."

लायसन गेलंच. शिफारस नाही, म्हणून कागद पडून राहिला. बंदुकांना हात लावायची बंदी झाली. मी कंदील, कुलपं, शिवणयंत्रं दुरुस्त करायला लागलो. किसनला खोपटं सोडावं लागलं. तो एका दुपारी पेटी डोक्यावर घेऊन दुकानासमोर उभा राहिला. मी म्हटलं, बस. तेव्हापासून तो माझ्याबरोबर बसला. त्याच्या हाताखालून गेलेलं कुलूप पुन्हा माझ्याकडे कधी परत आलं नाही. लोक विचारायचे, मिस्त्री, खरं बोलून काय मिळालं? मी सांगायचो, किसन मिळाला. पस्तावलात का, असं आजही कुणी विचारतं. पस्तावलो, पण चांदीची बुश गुंडाळली त्या दिवसाबद्दल. माळावरच्या दिवसाबद्दल पुन्हा विचाराल तर पुन्हा तसंच करीन, आणि या वेळी आधी बुश हिसकावून घेईन.

पुढे नवे साहेब आले, नवा नियम आला आणि माझा कागद कुणाच्या शिफारशीशिवाय हाती पडला. दुकानावर बंदुका पुन्हा यायला लागल्या. मग एक दिवस रावसाहेब आले. एकटेच. केस पांढरे झाले होते. त्यांनी रायफल टेबलावर ठेवली.

झिजलेलं तोंड दुरुस्त करता येतं. नळी टोकाला थोडी कापायची आणि नवं तोंड सरळ घासून काढायचं, मग माशी पुन्हा बसवायची. जिल्ह्यात ते काम माझ्याशिवाय कुणाला येत नव्हतं. रावसाहेब आले ते काही प्रेमानं आले नाहीत. मी काम घेतलं आणि नीट केलं. रायफलीनं माझं काही वाईट केलं नव्हतं.

रायफल न्यायला आले तेव्हा त्यांनी खिशातून ती चांदीची बुश काढून टेबलावर ठेवली आणि फळीकडे बघत म्हणाले, "आता कोणती घेऊ, इब्राहीम?"

मी रायफलीवर हात ठेवला. "मले नोका इचारू. याले इचारा."

किसन बाकावर एक कुलूप उघडत होता. त्यानं मान वर केली नाही. रावसाहेबांचा चेहरा लाल झाला. त्यांनी रायफलीकडे हात केला, पण मी माझा हात काढला नाही. मनात म्हटलं, न्यायची तर विचारून न्या, नाहीतर आणा पुन्हा कागदावर बंदी. दुकानासमोरून धान्याची गाडी गेली. 

शेवटी रावसाहेबांनी घसा खाकरला. "किसन," ते म्हणाले, "तुले इचारून राह्यलो बा. कोणती घेऊ?"

किसननं कुलूप खाली ठेवलं. कमरेच्या पिशवीतून शिंगाची बुश काढली. इतक्या वर्षांत ती चिलमीच्या कामी आली नव्हती, हात लागून लागून नुसती चकचकीत झाली होती. त्यानं बोल्ट काढला, बुश बसवली आणि गज अलगद सरकवला.

"मांगून टाकाची हाय, रावसाहेब," तो म्हणाला.